बी माझं, पिशवी त्यांची

येळ्ळूर, १२ एप्रिल

दिपाली,

आशीर्वाद तुला हायतच, ते दर वेळी लिहून शाई घालवत न्हाय. मला फोनवर ऐकू येत न्हाय आणि फोन असतो तुझ्या आप्पाच्या खिशात, म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेवढ्यात भागवून घे.

मला वकिलाची नोटीस आलीय. वर कानडी, खाली इंग्रजी. तुझ्या आप्पानं कानडी वाचली आणि कट्ट्यावर बसला तो उठंना. मी म्हटलं, कोण मेलं ते तरी सांग. तर म्हणतो, "आये, तू पोपटवाल्या कंपनीचं बियाणं चोरून विकलंस म्हणं."

झालं असं. मी दरसाल बासमतीचं बियाणं राखते हे तुला ठाव हाय. ज्याला पाहिजे त्यानं माझ्याकडनं न्यायचं आणि सुगीला तेवढंच भरून द्यायचं. त्यातनं उरलं तर मी शनिवारच्या बाजाराला बेळगावात बसते. औंदा उंदरांनी पोती फोडली. घरात पोपटवाल्या कंपनीच्या रिकाम्या पिशव्या हुत्या, तुझ्या आप्पानं मक्याचं बियाणं आणलतं त्यातल्या. वर पोपट छापलेला, जाड असतात, ओल धरत न्हाईत, मी धुऊन ठेवते. त्यात भरलं आणि बसले. ह्या गावात कुणाच्या घरात त्या पिशव्या न्हाईत ते दाखव मला. शेजारच्या मंगलनं तर सायकलच्या शिटाला तीच शिवलीय.

बाजारात एक पोरगा आला, फोटो काढला. मला वाटलं म्हातारीचा काढतोय, मी पदर सारखा केला. तो पिशवीचा काढत हुता.

आता ते म्हणतात, आतलं बियाणं पण आमच्या नोंदवलेल्या बासमतीचं. नुकसान भरून द्या. उरलेलं सगळं आमच्या ताब्यात द्या. पेरायचं न्हाय, कुणाला द्यायचं न्हाय. सोबत एक हमीपत्र धाडलंय, त्यावर सही करा म्हणजे सोडून देतो म्हणतात.

तुझा आप्पा म्हणतो सही कर. जमीन त्याच्या नावावर हाय, त्याला भीती की ती जाईल. माझी भीती वेगळी. मे संपता संपता आपली धूळपेरणी, सुक्या मातीतच भात पेरायचं. ह्या बासमतीचं बियाणं वरसाचं असतं. औंदा मातीत गेलं न्हाय तर पुढच्या साली निम्मं उगवायचं न्हाय आणि त्याच्या पुढं ते शिजवून खायचं. हे जुनं बियाणं आता गावात माझ्याच घरात उरलंय. म्हणजे संपलं.

तू वकिलीण. वर दिल्लीत सरकारच्या व्यापार खात्यात, परदेशाबरोबरच्या करारांचं काम बघतेस. तुझा आप्पा हे गावभर सांगत हिंडतो, मग त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. काय करू ते लिही.

आज्जी

*

नवी दिल्ली, २१ एप्रिल

आज्जी, नमस्कार.

तुझं पत्र आणि नोटिशीची झेरॉक्स मिळाली. सगळं नीट वाचलं. घाबरू नकोस.

माझं मत असं की तू सही करून मोकळी व्हावंस. कंपनीच्या छापील पिशवीत बियाणं विकणं ही चूक झालीच आहे. कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एक नवीन वाण तयार करायला दहा-बारा वर्षं जातात. त्यांच्या नावाखाली बाजारात भलतंच बियाणं विकलं गेलं की नुकसान त्यांचंही होतं आणि शेतकऱ्याचंही. आपल्याकडेही एकदा बोगस मका आला होता, आठवतं ना? जगात सगळीकडे आता या बाबतीतले नियम कडक होत आहेत आणि एकंदरीत परिस्थिती पाहता एका वर्षासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात शहाणपण नाही. यंदा दुसरं भात लावा.

आप्पांनाही हे पत्र वाचून दाखव. तब्येत सांभाळ.

तुझी,
दिपाली

*

येळ्ळूर, २९ एप्रिल

दिपाली,

तुझ्या आप्पाला वाचून दाखवायची गरज पडली न्हाय. पत्र त्यानंच फोडलं आणि गल्लीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. "बघ, तुझी शिकलेली नात काय म्हणती!" मला सुद्धा ऐकू आलं, म्हणजे केवढ्यानं वाचलं असेल बघ.

मका आठवतो. दुकानदारानं पोपटाच्या पिशवीत भलतंच भरून विकलं, कणसाला दाणा न्हाय. तेव्हा मी पोपटवाल्याला शिव्या दिल्या आणि मग कळलं की त्यालाच लुटलंय. म्हणून पिशवीची चूक मी मानते. न्हाय कोण म्हणतंय? पण माझ्या सासूनं राखलेलं बियाणं त्या कंपनीचं कसं झालं, हे तुझ्या पत्रात कुठं हाय? मी दोनदा बघितलं. पिशवीवर लई बोललीस, बियाण्यावर गप्प.

लहानपणी तू खरं बोलायचीस तेव्हा दोन शब्दांत बोलायचीस. खोटं असलं की वाक्य लांबायचं. ह्या पत्रातलं एक वाक्य वाचताना तुझ्या आप्पाला मध्ये दम खायला लागला.

इकडं काय चाललंय ते ऐक. नोटिशीचं कळल्यापासनं माझ्या दारात कुणी फिरकत न्हाय. ज्यांनी बियाणं नेलतं त्यांनी टोपलीवर फडकं टाकून परत आणून ठेवलं, बाळ टाकून जातात तसं. मंगल तेवढी आली. म्हणाली, "मावशी, आमचं हे म्हणत्यात आमच्यावर पण केस हुईल." मी म्हटलं, "तुझ्या सायकलच्या शिटावर आधी हुईल." हसली, पण टोपली ठेवून गेली.

तुझ्या हापिसात कुणी मोठा साहेब असेल की. सरकारचा माणूस हाय, त्याला विचार, ह्या म्हातारीचं बियाणं कुणाचं म्हणून.

आज्जी

*

नवी दिल्ली, ४ मे

आज्जी,

ऑफिसात विचारलं. सही करणंच बरं, असं सगळ्यांचं मत आहे. फार विचार करू नकोस. कामाची फार गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

दिपाली

*

येळ्ळूर, १० मे

चि. दिपालीस आज्जीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या म्हणण्याप्रमाणे हमीपत्रावर सही केली आहे. कंपनीचा माणूस या महिन्यात येणार, तेव्हा कागद आणि बियाणे त्याच्याकडे देणार. तुझे आप्पा समाधानी आहेत. तू काळजी करू नये. आम्ही सर्व खुशाल.

मनुबाई

*

नवी दिल्ली, १६ मे

आज्जी,

तू सही केल्याचं वाचलं आणि हातातला डबा तसाच झाकून ठेवला. मीच सांगितलं होतं सही कर म्हणून. मग आता मला काय झालं, असं तू विचारशील. म्हणून आधी खरं सांगते. तू म्हणतेस तसं, दोन शब्दांत.

मी सरकारात नाही.

मी एका मोठ्या वकील कचेरीत आहे. सरकारी खात्यात माझं झालं नाही, आणि आप्पांनी तोवर पेढे वाटले होते. आमची कचेरी कंपन्यांचं काम करते. मी ज्या टेबलावर बसते ते टेबल बियाण्याच्या कंपन्यांच्या संघटनेचं. तुझी पोपटवाली त्यात आहे. ऑफिसात विचारलं असं लिहिलं तेही खोटं. कुणालाच विचारलं नव्हतं. तू लढलीस तर तू माझी आज्जी हे मला ऑफिसात सांगावं लागलं असतं आणि हातचं काम गेलं असतं, म्हणून तुला सही करायला लावली.

माझं काम काय ते ऐक. दोन देश व्यापाराचा करार करतात. कुणाचा माल कुणाकडे कितीला जाणार, एवढाच तो असतो असं लोकांना वाटतं. पण करार लिहिला जात असताना कंपन्या आपापल्या मागण्या घेऊन दोन्हीकडच्या सरकारांपाशी जातात. त्यात काही बरोबरही असतात. बोगस बियाण्याचं मी लिहिलं ते खरंच आहे. पण आमच्या मागण्या दोन. एक, नोंदवलेल्या वाणाचं बियाणं शेतकऱ्यानं राखू नये, एकमेकांना देऊ नये. दुसरी, सरकारनं उद्या असा काही कायदा केला की कंपनीचा नफा बुडेल, तर कंपनीनं थेट सरकारवर दावा लावावा, आणि तो आपल्या कोर्टात नाही, परदेशात तीन पंचांपुढे चालावा.

आणि तुझं बियाणं? आज्जी, आपल्या देशाच्या कायद्यात एक वाक्य आहे. शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बियाणं राखावं, पेरावं, बदलावं, द्यावं, विकावंसुद्धा. फक्त दुसऱ्याच्या नावाच्या छापील पिशवीत विकू नये. म्हणजे तुझी चूक पिशवीपुरतीच. आतलं बियाणं त्यांचं असतं तरीसुद्धा ते पेरायला तुला कुणी अडवू शकत नव्हतं, आणि ते तर त्यांचं नाहीच. हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे, कारण ते बारीक कसं करावं याचाच मसुदा मी जानेवारीपासून लिहितेय.

आप्पांना फोन केला. ते म्हणाले कंपनीचा माणूस अजून आलेला नाही. आज्जी, तो आला तरी कागद देऊ नकोस, बियाणं देऊ नकोस. बेळगावच्या कॉलेजात मला शिकवायचे ते सुहास वकील, त्यांच्याशी बोललेय, ते तुझ्याकडे येतील. आणि आमच्या मॅडमना आज सगळं सांगितलं. पुढं माझं काय होईल माहीत नाही. धूळपेरणीला किती दिवस उरलेत तेही मला आता नीट आठवत नाही, याची लाज वाटते.

दिपाली

*

येळ्ळूर, २५ मे

दिपाली,

डबा खाऊन घे. सही केली न्हाय मी.

मागचं पत्र तुझा आप्पा डोक्यावर उभा राहून लिहून घेत हुता. "आशीर्वाद घाल, आहे म्हण, हाय म्हणू नको." त्यात 'तू काळजी करू नये' असलं मी कधी लिहिलंय का तुला? मला वाटलं तू वळखशील. न्हाय वळखलंस. दिल्लीचं पाणी.

तुझ्या आप्पाला सांगितलं, सही झाली, कागद ट्रंकेत हाय, माणूस आला की देते. तो निवांत झाला, जेवायला लागला, भाकरी जास्त मागायला लागला. मग त्याला दुखवायचं कशाला? आता त्याला खरं कळलंय आणि तो रुसलाय, ते पुढं सांगते, म्हणून हे पत्र मंगल टाकणार हाय, ती शहरात दुकानात कामाला जाते. तुझं पत्र नशिबानं पोस्टमननं माझ्याच हातात दिलं.

सरकारात न्हाईस, त्याचं मला काही न्हाय. पगार जो देतो त्याचं काम करावं लागतं, मी पण तंबाखूच्या वखारीत मालकाच्या मनासारखीच पानं निवडायचे. पण मालकाला घरात आणून चुलीपाशी बसवलं नव्हतं. तू बसवलंस. ते पुन्हा करू नको. झालं, एवढंच बोलणार हुते.

तुझे ते सुहास वकील स्कूटरवरनं आले. मंगळवारी सकाळी. उंच माणूस, चहात साखर न्हाय. मी म्हटलं, जे काय हाय ते अंगणात बसून वाचा आणि मराठीत वाचा. त्यांनी कायद्यातलं ते तुझं वाक्य वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा, मला ऐकू येत न्हाय. ऐकू आलं हुतं. तोवर गल्लीतली दारं उघडली. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मंगल चौकटीत, मागं तिचा नवरा, कडेला चार बायका, आणि पाठीमागं तुझा आप्पा उभा, तोंड पांढरं करून.

"मग सही केलीस ती?" म्हणाला.

"कसली सही?" मी म्हटलं.

वकिलांनी लगेच कागद केला. पिशवी वापरली ही चूक, पुन्हा हुणार न्हाय, पिशव्या परत पाठवतो. बियाणं माझं, ते मी पेरणार आणि देणार. मी म्हटलं, एवढं लांब कशाला, "बी माझं, पिशवी त्यांची" असं लिहा. हसले, पण वर मराठीत तेच लिहिलं, खाली इंग्रजीत त्यांचं काय ते. त्यावर मात्र सही केली. पिशव्या धुऊन, घडी घालून वकिलांकडं दिल्या. मंगलनं शिटाचं कव्हर काढून आणलं, तिला म्हटलं ते राहू दे, त्याला भोक पडलंय.

तुझ्या त्या तीन पंचांचा मी विचार केला. आपल्या कोर्टात तारखा पडतात, माणूस मरतो, पण तिथल्या दारात जाऊन बसता येतं. बोंब मारता येती. त्या परदेशातल्या दारात कोण जाणार? आणि कंपनीनं दावा लावायचा सरकारवर, पैसा जाणार आमचा, आणि आम्हाला बोलवायचं सुद्धा न्हाय? आमचं गाव कुठल्या राज्यात हे सुद्धा लांबच्या माणसांनी कागदावर ठरवलं. आमच्या अख्ख्या गावाला त्याची चव ठाव हाय. तुझ्या मॅडमला सांग, पोपटवाल्यांनी आपलं वाण राखावं, बोगस विकणाऱ्याला खुशाल तुरुंगात घालावं, मी साक्ष द्यायला येते. पण माझ्या कणगीत हात घालायचा तर माझ्या दारात येऊन घालावा.

आणि आता खरं काम. परवा पेरणी झाली. वर धूळ, वारा नाकात. बायका टोपल्या घेऊन आल्या, फडकं न टाकता. सात घरं झाली. बी सोडायला मंगलनं चाड्यावर मूठ धरली. पेरायची कुरी धरायला माणूस न्हाय म्हणून आम्ही बघतोय, तर तुझा आप्पा आला. माझ्याशी बोलला न्हाय, अजून बोलत न्हाय. पण कुरी त्यानंच धरली आणि ओळी सरळ आल्यात.

कंपनीचं उत्तर यायचंय. आलं तर येऊ दे, बियाणं मातीत हाय.

तुझं तिथलं काय झालं ते लिही. नोकरी गेली तर घरी ये, तण काढायला, भांगलणीला बायका मिळत न्हाईत.

आज्जी

*

नवी दिल्ली, ९ जून

आज्जी,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथंच बसले. शेजारून जाणारा शिपाई विचारत होता, बरं नाही का? म्हटलं, फार बरं आहे.

नोकरी गेली नाही. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस." मला त्या टेबलावरून उठवून जहाजांच्या विम्याच्या टेबलावर बसवलंय. कंटाळवाणं आहे. रोज जाते आणि मजेत येते.

उठायच्या आधी एक गोष्ट केली. शेवटच्या बैठकीत विचारलं, की हे वाक्य बारीक केलं तर ज्या बाईनं पिढ्यान्‌पिढ्या बियाणं राखलं, ती उद्या काय पेरेल? एकानं घड्याळ बघितलं. मी काही मोठं केलं असं समजू नकोस.

आणि काल कळलं, या वेळच्या करारात आमच्या त्या दोन्ही मागण्या घेतल्याच नाहीत. बियाण्याचं पुढं बघू असं दोन्हीकडून ठरलं, पंचांचं तर पानच काढलं. माझ्यामुळे नाही. कुणीतरी कुठल्यातरी दुसऱ्या मालावरून अडून बसलं होतं, त्या देवाणघेवाणीत हे सुटलं. पण सुटलं, आज्जी.

सुहास सर म्हणाले, कंपनीचं पत्र निघालंय. काय आलं ते कळव.

दिपाली

*

येळ्ळूर, २० जून

दिपाली,

कंपनीचं पत्र आलं. पुन्हा कानडी आणि इंग्रजी, सुधारायचे न्हाईत. तुझ्या आप्पानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. पिशव्या मिळाल्या, नोटीस मागं घेतली, पुन्हा आमचा पोपट वापरू नका. एवढंच. माझ्या बियाण्यावर एक अक्षर न्हाय. तुझ्यासारखंच, त्या जाग्यावर आले की गप्प.

तुझा आप्पा त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आये, मीठ कमी हाय." मी वाढलं. आता गावात सांगत हिंडतोय की नोटीस त्यानं परतवली. हिंडू दे. आता पुन्हा सकाळी ओरडून उठतो. घर घरासारखं झालं.

पुढं बघू म्हणाले म्हणतेस. म्हणजे पुन्हा येणार. येतीलच. विम्याच्या टेबलावर बसून कान तिकडं ठेव, तुझे कान चांगले हायत. पण आज मला त्याचं काही न्हाय. आज पाठ दुखती ती कामानं दुखती, नोटिशीनं न्हाय, आणि ह्यात किती फरक हाय ते तू माझ्या वयाची झालीस की कळेल.

पाऊस लागलाय, भात बोटभर आलंय. आपल्यात दाट, मंगलच्या रानात मध्ये मध्ये मोकळं पडलंय, तिनं मूठ आखडती धरली. सकाळी दारात उभी. "मावशी, तुमच्यातली रोपं काढून आमच्यात लावू का?" मी म्हटलं लाव की. तर ती बावळट विचारते, "आता ह्याला कुणाची परवानगी लागती का हो? वकिलांना विचारायचं?"

मी म्हटलं, "चिखलाला विचार, धरतो का न्हाय ते."

हसून हसून बांधावर बसली. रोपं उपटून ठेवल्यात, वाळायच्या आत मी पण लावायला जाते.

आज्जी